बेळगावातून पेड सर्व्हे: कोणतं ॲप ठेवावं, कोणतं काढावं

निकाल आधीच सांगून टाकू. घरबसल्या सर्व्हे भरून मोबाईलचं रिचार्ज निघतं, ॲमेझॉनचं एखादं व्हाउचर निघतं, चिकाटी असली तर दिवाळीच्या खरेदीला हातभार लागतो. घरभाडं किंवा मुलांची फी निघत नाही. एवढीच अपेक्षा ठेवून उतरणाऱ्यासाठी ही सेवा पाचांपैकी तीन गुणांची आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाचा मात्र त्यातला एक गुण सुरुवातीलाच जातो, आणि तो जातो प्रोफाइलमुळे. राज्य कर्नाटक, घरची भाषा मराठी, सिम कधी कधी महाराष्ट्राचं आणि यादीत शहराचं नाव दोन स्पेलिंगांनी. हे नीट जुळवलं नाही तर सर्व्हे येतात, पण अर्ध्यावरून बाहेर काढतात. म्हणून ॲप दिसायला किती छान आहे हे इथे बघितलेलं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथे बसून पैसे हातात कसे पडतात आणि कुठे अडकतात, तेवढंच बघितलं आहे.

हे पैसे येतात कुठून ते समजलं की निम्मी फसवणूक आपोआप टळते. साबण, मोटारसायकल, बिस्किट, विमा विकणाऱ्या कंपनीला गिऱ्हाइकाचं मत हवं असतं. ती मार्केट रिसर्च कंपनीला काम देते. रिसर्च कंपनी पॅनेलकडून, म्हणजे नोंदणी केलेल्या लोकांच्या यादीकडून, उत्तरं विकत घेते. पॅनेल त्यातला छोटा वाटा उत्तर देणाऱ्याला देतं. या साखळीत पैसा वरून खाली येतो. उत्तर देणाऱ्याने वर पैसे पाठवायचा प्रश्नच उद्भवत नाही. नोंदणी फी, डिपॉझिट, आयडी कार्डाचे पैसे, ट्रेनिंग किट असलं काहीही मागितलं की तो सर्व्हे नव्हे, तिथेच बंद करावं.

प्रत्येक अभ्यासाचा कोटा ठरलेला असतो. उदाहरणार्थ, दक्षिण भारत, वय २५ ते ३४, स्त्रिया, घरी वॉशिंग मशीन असलेल्या, अमुक इतक्या जणी. हा आकडा भरला की दार बंद. म्हणून सर्व्हेचे पहिले पाच-दहा प्रश्न हे खरं तर गाळणीचे प्रश्न असतात. वय, शहर, शिक्षण, घरात कोण कमावतं, घरात काय काय आहे. त्यातच बहुतेक वेळा एक प्रश्न असतो: तुमच्या घरात कोणी जाहिरात, मार्केट रिसर्च, वृत्तपत्र-टीव्ही किंवा ज्या वस्तूचा सर्व्हे आहे त्या धंद्यात काम करतं का? 'हो' म्हटलं की बाहेर. घरात कोणी वार्ताहर असेल किंवा मोबाईलचं दुकान असेल तर काही सर्व्हे मिळणारच नाहीत. ते खरं सांगून सोडून द्यावेत. खोटं उत्तर पुढच्या सर्व्हेतल्या उत्तराशी जुळत नाही आणि खातं संशयात येतं.

'घरात काय काय आहे' या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि नेमका तोच प्रश्न भारतातल्या बहुसंख्य सर्व्हेंचा कणा आहे. एनसीसीएस नावाची एक वर्गवारी २०११ पासून वापरात आहे. त्यात कुटुंबाच्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, एवढ्यावरून कुटुंबाला ए१ पासून ई३ पर्यंतच्या १२ गटांपैकी एक मिळतो. त्या ११ गोष्टी अशा: वीज जोडणी, छताचा पंखा, गॅस शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, कार-जीप, एसी आणि शेतजमीन. शेवटची गोष्ट खानापूर, चंदगडच्या बाजूची खेडी आणि निपाणी भागातली माणसं हमखास विसरतात. उताऱ्यावर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असलं तरी जमीन कुटुंबाची असेल तर ती धरायची. घराची व्याख्याही इथे महत्त्वाची आहे: एका चुलीवर जेवणारे ते एक घर. वाडा एक पण चुली तीन असतील तर चुलत्याची कार आपल्या यादीत येत नाही.

हे एकदा कागदावर लिहून ठेवा आणि सगळ्या ॲपवर तेच भरा. मुख्य कमावता माणूस कोण हे आज नवरा, उद्या सासरा असं बदललं की गट बदलतो. ए२ म्हणून आमंत्रण आलेल्या माणसाने आत जाऊन बी१ ची उत्तरं दिली की सर्व्हे तिथेच संपतो.

आता भाव. ॲप पॉइंट दाखवतात, आणि पॉइंटचा आकडा मुद्दाम मोठा असतो. दोन हजार पॉइंट ऐकायला भरपूर वाटतात. हिशोब तासाला रुपये असाच करावा, आणि त्यात बाहेर काढलेल्या सर्व्हेंचा वेळही धरावा. समजा १५ मिनिटांच्या सर्व्हेचे ४० रुपये मिळाले. कागदावर तासाला १६० रुपये दिसतात. पण तो एक पूर्ण होण्याआधी पाच सर्व्हेंनी तीन-तीन मिनिटं खाऊन बाहेर काढलं असेल, तर एकूण ३० मिनिटं गेली आणि भाव तासाला ८० वर आला. त्यात आणखी व्हाउचर मागवण्याइतके पॉइंट साठेपर्यंतचा काळ धरला तर तो भाव आजचाही राहत नाही. एक आठवडा वहीत सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि मिळालेले पॉइंट लिहा. शिलाई, पिको-फॉल, शिकवणी यातलं काही येत असेल तर त्या कामाचा तासाचा भाव शेजारी मांडा. बहुतेक घरांत ते काम पुढे निघतं आणि सर्व्हेला फक्त फावला वेळ द्यावा हे स्पष्ट दिसतं.

ॲपकडे येऊ.

सीमाभागातल्या घरासाठी पहिलं नाव गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स. अँड्रॉइड फोन आणि वय १८ पूर्ण एवढं पुरतं. प्रश्न थोडे असतात, बरेचदा अर्ध्या मिनिटात संपतात, आणि गाळणीचा प्रकार जवळपास नाही. मिळकत मात्र रोख नसते. भारतात ती गूगल प्लेच्या शिल्लक रकमेत जमा होते, बँकेत काढता येत नाही, दुसऱ्याच्या खात्यावर पाठवता येत नाही, आणि जमा झाल्यापासून एक वर्षात वापरली नाही तर जाते. ॲप, पुस्तक, गूगलची स्टोरेज यावर आधीच खर्च करणाऱ्या घरात तिचा उपयोग पूर्ण होतो. जो प्ले स्टोअरवर कधीच पैसे देत नाही त्याला हे ॲप काहीच कामाचं नाही, हे आधी ठरवा.

यात सर्व्हे येण्याचं मुख्य कारण लोकेशन. ॲपला फोनचं लोकेशन वापरायची परवानगी असेल तर 'तुम्ही नुकतेच यापैकी कुठे गेला होतात' असा प्रश्न येतो. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात दुकानं एकमेकांना इतकी खेटून आहेत की फोन शेजारचं दुकान धरतो. ज्या दुकानात गेला नाहीत त्याला 'हो' म्हणू नका. यादीत कधी कधी अस्तित्वात नसलेलं नावही मुद्दाम टाकलेलं असतं. त्याला 'हो' म्हणणाऱ्याला पुढचे सर्व्हे कमी येतात. लोकेशन चालू ठेवणं म्हणजे रोजच्या हालचालींची नोंद गूगलकडे देणं. ज्यांना ते नको त्यांनी लोकेशन बंद ठेवावं, सर्व्हे कमी येतील एवढंच. गुण साडेतीन.

मग पॅनेलं. द पॅनेल स्टेशन हे बेंगळुरूच्या बॉर्डरलेस ॲक्सेस या रिसर्च कंपनीचं आहे, म्हणजे भारतीय अभ्यास इथे मिळतात आणि प्रश्न आपल्या बाजारातल्या वस्तूंचे असतात. यूगव्ह ही ब्रिटिश कंपनी २००० सालची. तिचे सर्व्हे तुलनेने छोटे असतात आणि अर्ध्यात बाहेर काढण्याचा त्रास कमी, पण पॉइंट साठायला फार वेळ लागतो. टोलुनाही २००० सालची. इथे सर्व्हे भरपूर येतात आणि बाहेरही तितकंच काढलं जातं. लाइफपॉइंट्स हे मायसर्व्हे आणि ग्लोबल टेस्ट मार्केट ही दोन जुनी पॅनेलं एकत्र करून निघालं, त्यामुळे ज्यांची तिथे पूर्वी खाती होती त्यांना हे नाव ओळखीचं असेल. या चारांपैकी एका वेळी दोनच ठेवा. चारही ठेवली तर एकच अभ्यास दोन पॅनेलमधून येतो, दुसऱ्यांदा भरताना फोन ओळखला जातो आणि 'आधीच भाग घेतला आहे' असं सांगून बाहेर काढतात. वीस मिनिटं भरल्यानंतर हे कळलं की फार जीवावर येतं. बेळगावातून सुरुवात करणाऱ्याने यूगव्ह आणि एक भारतीय पॅनेल ही जोडी घ्यावी. या जोडीला तीन गुण.

स्वॅगबक्स आणि वायसेन्स ही दोन्ही वेगळ्या जातीची. सर्व्हे, जाहिराती, ॲप डाउनलोड, खेळ असं सगळं एका छताखाली. स्वॅगबक्सचा हिशोब सोपा आहे, १०० एसबी (म्हणजे तिथले पॉइंट) म्हणजे १ डॉलर. वायसेन्स म्हणजे पूर्वीचं क्लिक्ससेन्स, नाव २०१९ मध्ये बदललं. इथले सर्व्हे बहुतांशी दुसऱ्या कंपन्यांच्या राउटरवरून येतात. राउटर म्हणजे एका सर्व्हेतून बाहेर काढलं की लगेच दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं करणारी यंत्रणा, आणि प्रत्येक दारात वय-शहर-शिक्षण नव्याने. वेळ सर्वात जास्त इथे जळतो. 'हा खेळ डाउनलोड करून तिसाव्या लेव्हलला पोचा, अमुक डॉलर मिळवा' अशा ऑफरमध्ये मधेच पैसे भरायला लावणारे खेळ असतात. त्या ऑफर सोडाव्यात. डॉलर साठवण्याचा संयम असेल तरच ही दोन ठेवा, गुण दोन.

प्रोलिफिकबद्दल इंटरनेटवर खूप चांगलं वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे. विद्यापीठांचे अभ्यास असतात, भाव चांगला, बाहेर काढणं कमी. पण ती सेवा सहभागी म्हणून मुख्यतः ओईसीडी या विकसित देशांच्या गटातल्या रहिवाशांना घेते आणि भारत त्या गटात नाही. व्हीपीएन लावून परदेशी पत्ता दाखवणाऱ्याचं खातं ओळख तपासणीत बंद होतं आणि साठलेली रक्कमही अडकते. हा मार्ग बंदच समजा.

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न. नोंदणीत राज्य विचारतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या माणसाने कर्नाटकच निवडायचं, मग मन काहीही म्हणो. पिन कोड राज्य सांगतो: बेळगाव ५९०००१, खानापूर ५९१३०२, निपाणी ५९१२३७, चिक्कोडी ५९१२०१. राज्य महाराष्ट्र आणि पिन ५९ ने सुरू होणारा, असं भरलं की पत्ता जुळत नाही आणि काही पॅनेलं खातं मंजूरच करत नाहीत. पुण्या-मुंबईला कोटा मोठा असतो म्हणून तिथला पत्ता द्यावा हा सल्ला बरेच देतात. तो घेऊ नका. इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून ढोबळ ठिकाण कळतं, आणि आपल्याकडचं ब्रॉडबँड कधी बेंगळुरू, कधी हुबळी असं दाखवतं. ते कर्नाटकाशी जुळतं, पुण्याशी जुळत नाही.

महाराष्ट्राचं सिम वापरणाऱ्यांची अडचण याच्या उलट. चंदगड किंवा कागलच्या बाजूला लागून असलेल्या गावांत टॉवर कधी इकडचा, कधी तिकडचा लागतो, आणि डेटा मुंबई-पुण्याचा आयपी दाखवतो. अशा घरात सर्व्हे शक्यतो घरच्या वायफायवर भरा. वायफाय नसेल तर नोंदणी आणि सर्व्हे दोन्ही एकाच सिमच्या डेटावर करा, आणि मधेच सिम बदलू नका. सर्व्हे चालू असताना आयपी बदलला की तो 'त्रुटी' म्हणून बंद पडतो आणि पुन्हा उघडत नाही.

शहराच्या यादीत बेळगाव सापडत नसेल तर जुन्या इंग्रजी स्पेलिंगनेही शोधा. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृतपणे बदललं तरी कित्येक सर्व्हेंच्या याद्या आजही जुन्याच आहेत. दोन्ही नसतील तर 'इतर शहर' निवडून मोकळे व्हा. हुबळी-धारवाड निवडू नका, कारण पुढे 'तुमच्या भागातलं कोणतं मॉल' असा प्रश्न आला की उत्तर अडतं. खेड्यात राहणाऱ्याने 'ग्रामीण' हेच निवडावं. येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी इथली माणसं सवयीने 'बेळगाव शहर' लिहितात. ग्रामीण कोट्याला माणसं ऑनलाइन कमी मिळतात, त्यामुळे खरं उत्तर इथे फायद्याचंही ठरतं.

भाषेचं असं की राज्य कर्नाटक भरलं की काही सर्व्हे इंग्रजीबरोबर कन्नडचा पर्याय देतात, मराठीचा देत नाहीत. जी भाषा वेगात आणि नीट वाचता येते तीच घ्या, इंग्रजी किंवा हिंदी चालेल. सुरू झाल्यावर भाषा सहसा बदलता येत नाही. 'घरी कोणती भाषा बोलता' या प्रश्नाला मात्र बेधडक मराठी सांगा, तिथे राज्याशी जुळवायची गरज नसते. आणि मोकळ्या प्रश्नांची उत्तरं, म्हणजे जिथे स्वतः टाइप करायचं असतं ती, सर्व्हेच्याच भाषेत लिहा. इंग्रजी सर्व्हेत मराठी वाक्य किंवा रोमन लिपीतलं मराठी लिहिलं तर तपासणाऱ्याला ते निरर्थक वाटतं आणि पूर्ण सर्व्हे रद्द होतो. दोन सोपी इंग्रजी वाक्यं पुरतात, पण ती विचारलेल्या प्रश्नाचीच असावीत. 'चांगलं', 'काही नाही' एवढंच लिहिणं धोक्याचं.

पॉइंट मिळाल्यानंतर काही आठवड्यांनी ते परत काढून घेतले गेले ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यामागे बहुतेक वेळा चार कारणं असतात. फार वेगाने भरणं: इतरांना लागणाऱ्या सरासरी वेळेच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात संपवलं की रिसर्च कंपन्या ते उत्तर बाद धरतात. एकाच रांगेत टिक मारत जाणं: वीस विधानांना एकच 'सहमत'. लक्ष तपासणारा प्रश्न चुकणं: मधेच 'या ओळीत पूर्ण असहमत निवडा' असं लिहिलेलं असतं, आणि न वाचता पुढे जाणारा तिथेच पकडला जातो. चौथं कारण घरचंच. एका वायफायवर नवरा, बायको आणि कॉलेजातला मुलगा तिघांनी तोच सर्व्हे भरला तर एकाचाच धरला जातो, कधी कधी तिघांचाही रद्द. घरात दोघं असतील तर दोघांनी वेगळी पॅनेलं घ्यावीत, वेगळे फोन वापरावेत. सायबर कॅफे, होस्टेल किंवा ऑफिसच्या नेटवर भरणं टाळा, तिथे तोच आयपी आणखी कोणी वापरलेला असतो.

ही शिस्त पाळूनही पॉइंट गेले तर सर्व्हेचा क्रमांक, तारीख आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून मदत विभागाला लिहा. स्क्रीनशॉट नसेल तर बहुधा काही हाती लागत नाही, म्हणून शेवटचं 'धन्यवाद' पान बंद करण्याआधी टिपून घेण्याची सवय लावा.

पैसे काढण्यापाशी बरेच जण कंटाळतात. सर्वात सोपा रस्ता ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टचं गिफ्ट व्हाउचर. कोड ईमेलवर येतो. ॲमेझॉनच्या गिफ्ट कार्डाची मुदत साधारण एक वर्षाची असते, म्हणून आला की लगेच खात्यात भरून टाका, ईमेलमध्ये पडू देऊ नका. त्यातून मोबाईल रिचार्ज होतं. हेस्कॉमचं वीज बिलही भरता येतं, पण २०० युनिटच्या आतल्या बऱ्याच घरांना २०२३ पासून गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत वीज योजनेमुळे बिल शून्य येतं, तिथे व्हाउचर रिचार्जला किंवा सामानाला वापरावं.

डॉलरमध्ये देणारी ॲप पेपॅलवर देतात. भारतात पेपॅलने देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, पण परदेशातून येणारे पैसे घेता येतात. त्यासाठी पॅन, बँक खातं आणि पैसे कशासाठी येतात त्याचा पर्पज कोड लागतो. इथे नावाचा घोळ होतो, आणि आपल्या भागात तो जास्तच. पॅनवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, आधारवर वडिलांच्या नावाऐवजी नुसतं आद्याक्षर. पेपॅलला पॅन आणि बँक खात्याचं नाव जुळलेलं लागतं. आधी बँकेत किंवा पॅनमध्ये दुरुस्ती करा, मग पेपॅल उघडा. उलट क्रमाने केलं तर पैसे मधेच अडकतात. डॉलरचे रुपये करताना पेपॅल बाजारभावापेक्षा कमी दर देतं आणि व्यवहारावर शुल्कही लागू शकतं, म्हणून चार-पाच डॉलर काढण्यात अर्थ नाही. रक्कम थोडी साठवून एकदाच काढा.

पहिली रक्कम मात्र शक्य तितक्या लवकर, किमान मर्यादा गाठताच काढा. ॲप खरंच देतं की नाही हे त्यातूनच कळतं, आणि पहिल्याच वेळी ओळख तपासणी होते. वर्षभर साठवून मोठी रक्कम काढायला गेलेल्या खात्याची तपासणी नापास झाली तर सगळंच जातं.

कराची भीती घेणारी माणसं भेटतात. ही मिळकत 'इतर स्रोतांतून उत्पन्न' या सदरात दाखवायची असते, पण एवढ्या लहान रकमेने एकट्याने कर लागत नाही. गृहलक्ष्मी या कर्नाटकच्या महिलांसाठीच्या योजनेचे महिन्याचे २,००० रुपये बंद होतील का, ही शंका बायकांना असते. ती योजना स्वतः किंवा नवरा आयकर भरणारे किंवा जीएसटी विवरण भरणारे असतील तर मिळत नाही. सर्व्हेच्या व्हाउचरने कोणी कर भरणारं होत नाही.

फसवणुकीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्व्हेच्या नावाखाली देशातली एक फार मोठी फसवणूक होऊन गेली आहे. स्पीक एशिया नावाची सिंगापूरची कंपनी २०१०-११ च्या सुमारास ११,००० रुपये घेऊन सभासद करायची. त्या बदल्यात ई-मासिकाची वर्गणी आणि आठवड्याला दोन सर्व्हे, प्रत्येकी ५०० रुपये, असं आश्वासन असायचं. सभासदांची संख्या लाखांत गेली. नवे सभासद आणणाऱ्याला वेगळं कमिशन. २०११ मध्ये पैसे देणं थांबलं आणि मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं. त्या सर्व्हेंच्या उत्तरांना कोणी गिऱ्हाइकच नव्हतं, नव्या माणसाच्या ११,००० मधून जुन्याचे ५०० दिले जात होते. 'सर्व्हेला महिन्याला चार हजार नक्की' असं जिथे ऐकाल तिथे हाच साचा आठवा. खऱ्या पॅनेलमध्ये नक्की असं काही नसतं, कारण कोटा कुणाच्या हातात नसतो.

आजचा अवतार टेलिग्रामवर आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा, प्रत्येकी ५० रुपये. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखर यूपीआयवर येतात. मग टेलिग्राम ग्रुप, मग 'प्रीपेड टास्क': आधी १,००० भरा, १,३०० मिळतील. तेही एकदा मिळतात. तिथून रक्कम वाढत जाते, वेबसाइटवर नफा दिसतो पण काढताना 'टॅक्स भरा', 'क्रेडिट स्कोअर पूर्ण करा' असं सांगून आणखी भरायला लावतात. ग्रुपमधले 'मला मिळाले' म्हणणारे स्क्रीनशॉट त्याच टोळीचे असतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. एपीके फाइल पाठवून 'हे आमचं सर्व्हे ॲप' म्हणणाऱ्याचं काही इन्स्टॉल करू नका, प्ले स्टोअरबाहेरचं ॲप ओटीपी वाचू शकतं.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे 'तुमचं बँक खातं वापरायला द्या, महिन्याला अमुक देतो'. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरतात आणि खातं गोठवलं जातं, गुन्हा खातेदारावर येतो. कॉलेजच्या मुलांना हे नक्की सांगा. डेटा एंट्रीचा आणखी एक सापळा आहे: करारावर सही घेतात, अचूकता कमी पडली म्हणून काम बाद करतात आणि 'वकिलाची नोटीस' पाठवून दंड मागतात. अशा फोनला घाबरून एक रुपयाही भरू नका.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. कर्नाटकात प्रत्येक जिल्ह्यात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे. तिथली तक्रार मराठीत लिहून नेली तर घेणाऱ्याला वाचताना वेळ लागू शकतो, म्हणून इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये एक पान तयार ठेवा, किंवा वाचून दाखवणारं माणूस सोबत न्या.

सर्व्हेशिवाय एक गोष्ट आपल्या भागाला खास उपयोगी पडू शकते. मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाला आता किंमत आहे. बेंगळुरूची कार्या ही संस्था भारतीय भाषांत वाक्यं वाचून रेकॉर्ड करण्याचं काम फोनवर देते आणि त्याचा मोबदला सर्व्हेपेक्षा पुष्कळ चांगला असतो. काम बहुधा स्थानिक संस्थांमार्फत मिळतं, हवं तेव्हा मिळत नाही. शहापूर-वडगावच्या माणसाला दोन भाषा जन्मापासून येतात, तिथे अशी संधी आली तर सर्व्हे बाजूला ठेवून ती घ्या. नावाची खात्री संस्थेकडूनच करा, याच नावाने खोटे ग्रुप निघतात.

शेवटी, सोडताना. महिन्याभराच्या वहीतून एखादं ॲप परवडत नाही असं दिसलं तर नुसतं फोनमधून काढू नका. आधी साठलेले पॉइंट व्हाउचरमध्ये बदला, मर्यादेला थोडे कमी असतील तर दोन-तीन छोटे सर्व्हे करून गाठा. मग सेटिंगमध्ये जाऊन खातं बंद करण्याची विनंती द्या आणि वैयक्तिक माहिती पुसायला लेखी सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात त्या हक्काची तरतूद आहे. सुरुवातीला सर्व्हेसाठी वेगळा ईमेल काढला असेल तर तोही मग बंद करता येतो, आणि जाहिरातींचा पूर आपल्या रोजच्या ईमेलवर येत नाही.